हाडात चुना कसा बसतो?



मी बँकेतला कारकून, शिक्षण बी. ए. तरी हाडांवर बोलायला उभा आहे, याला कारण माझा भाचा. वय तेरा, गुडघा दुखत होता. रक्ताच्या रिपोर्टात 'अल्कलाइन फॉस्फेटेज' या नावापुढचा आकडा छापील मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट! हाडाच्या कॅन्सरमध्ये हा आकडा वाढतो, असे कुठेसे ऐकले होते. ते मी शहाणपणाने बहिणीला सांगितले, आणि ती दोन रात्री झोपली नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. ते म्हणाले, "ही मर्यादा मोठ्या माणसांची. वाढत्या मुलात आकडा जास्तच असतो." चूक माझी होती. तेव्हापासून या विषयावर वाचू लागलो.

अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. हाडात असे विकर असते, हे रॉबर्ट रॉबिसन यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये १९२३ साली दाखवले. हाड घडवणारी पेशी आधी कोलॅजनची जाळी विणते, मग तीत कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात. आपण त्याला ढोबळमानाने चुना म्हणू. पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ हा चुना बसू देत नाही. विकर त्याचे तुकडे करते. अडथळाही जातो आणि त्यातूनच फॉस्फेटही मिळते.

आता हे विकर अडवले तर? लेव्हॅमिसोल हे मूळचे जंतांचे औषध. पण ते या विकरालाही अडवते. किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही, असा प्रकार. प्रयोगशाळेत निरोगी अस्थिपेशींच्या बशीत ते पुरेसे घातले की चुना बसणे मंदावते. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या हाडाच्या गाठीतून १९७३ साली वेगळ्या केलेल्या 'साओस-२' या पेशी आजही जगभर वाढवल्या जातात. त्या कर्करोगाच्या असूनही त्यांच्यात हे विकर भरपूर असते, आणि त्याही चुना बसवतात. लेव्हॅमिसोलने तिथेही तेच घडते. कुलूप कोणाच्या घराचे, हे औषध पाहत नाही.

मग हेच औषध हाडाच्या कॅन्सरवर का देऊ नये? मलाही हा प्रश्न पडला होता. पण चुना बसणे वेगळे आणि पेशींची बेसुमार वाढ वेगळी. चुना थांबला म्हणून गाठ थांबत नाही. उलट निरोगी हाडाचे नुकसान मात्र होईल. हे विकर जन्मतःच कमी असलेली मुले असतात. त्या आजाराला हायपोफॉस्फेटेशिया म्हणतात. त्यांची हाडे मऊ राहतात, दुधाचे दात मुळासकट लवकर पडतात. त्यांच्यासाठी विकरच इंजेक्शनने देण्याचा उपचार २०१५ साली मान्य झाला.

आणि डॉक्टरांनी एक्स-रे उगाच काढला नव्हता. हाडाचा हा कर्करोग बहुधा वाढत्या वयातच होतो, आणि जास्त करून गुडघ्याजवळ. त्याचे निदान एक्स-रे आणि गाठीचा तुकडा तपासून होते, रक्तातल्या एका आकड्यावरून नाही. बहिणीला मी हे आधी सांगायला हवे होते.