वाकलेल्या सायकलीची हत्यारे



माळ्यावर किंवा जिन्याखाली धूळ खात पडलेली जुनी विलायती सायकल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आजोबांची म्हणून ती टाकवत नाही, आणि फ्रेम वाकलेली म्हणून ती चालवतही नाही. दुकानात नेली तर एकच सल्ला मिळतो : भंगारात घाला. हा सल्ला बहुधा घाईचा असतो. क्वचित मात्र तो अगदी शहाणपणाचा असतो. हा भेद कारागीर कशाने ओळखतो आणि त्याच्यापाशी कोणती हत्यारे असावी लागतात, एवढाच माझा आजचा विषय आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. कचेरीतून सुटल्यावर चांगल्या कारागिरांच्या दुकानी बसण्याचा मला नाद आहे, इतकेच.

नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बी.एस.ए. किंवा आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातून निघालेली आपल्याकडची सायकल घ्या. यांच्या फ्रेमी पोलादी नळ्यांच्या, आणि सांध्यांवर पितळेने झाळलेल्या असतात. पोलाद मर्यादेपलीकडे वाकवले तर ते लगेच तुटत नाही. वाकलेल्या स्थितीत राहते. म्हणूनच त्याला उलट वाकवून पुन्हा जाग्यावर आणता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बन तंतूंच्या आधुनिक फ्रेमीवर हा प्रयोग करू नये. पोलादाचे हे कामही थंड अवस्थेतच करावयाचे असते. नळी लाल करून ठोकणारा लोहार सांध्याची झाळ आणि नळीची ताकद दोन्ही घालवून बसतो.

पहिले हत्यार म्हणजे साधी दोरी. मागच्या चाकाचा आस ज्या दोन खाचांत बसतो, त्यांपैकी एकीस दोरी बांधावी, ती पुढे हँडलाच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावी, आणि सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. अंतरे सारखी नसतील तर फ्रेमीत वाक आहे. तो मागच्या अंगात आहे की पुढच्या, हे मात्र दोरी सांगत नाही. पार्क टूल या अमेरिकन कंपनीचा मोजदांडा हेच काम अधिक चोख करतो. तो हँडलाच्या व सीटच्या नळ्यांना टेकवून त्याचा सरकता काटा मागच्या खाचेला भिडवावयाचा, आणि तसाच दांडा उलट बाजूला लावून पाहावयाचा. पण त्याचाही आधार त्या दोन नळ्यांवरच असल्यामुळे दोरीची उणीव त्याच्यात राहतेच. खरा न्यायाधीश म्हणजे ओतीव लोखंडाचा सपाट पाट. त्यावरील खुंटावर पायडलांच्या आसाची नळी घट्ट बसवितात आणि फ्रेमीचा प्रत्येक भाग पाटापासून किती उंचीवर आहे ते मोजतात. येथे दोष कोणत्या नळीत आहे ते नेमके कळते.

मागचे दोन पाय बारीक असल्याने ते लांब तरफेने सहज हलतात. तरफ जेथे टेकते तेथे लाकूड किंवा चामडे मात्र घालावे. पोलाद उसळी मारते, म्हणून हव्या त्या जागेच्या थोडे पुढे नेऊन सोडावे लागते. किती पुढे, हे हातालाच ठाऊक. नंतर दोन्ही खाचांत दोन जुळी हत्यारे आवळतात. त्यांची तोंडे समोरासमोर समांतर आली म्हणजे खाचा सरळ झाल्या. ही पायरी पुष्कळ दुकानदार गाळतात, आणि मग तिरप्या खाचांत आवळलेला मागचा आस वारंवार का तुटतो याचे गिऱ्हाइकाला कोडे पडते.

नळीला पोचा आला असेल तर आणखी निराळे हत्यार लागते : पोलादाचे दोन ठोकळे, प्रत्येकात अर्धगोल खोबण. ते ग्रीस लावून नळीवर आवळायचे आणि भोवती फिरवीत न्यायचे, म्हणजे पोचा हळूहळू वर येतो. खोबण नळीच्याच मापाची हवी. इंग्रजी सायकलीची आडवी दांडी बहुधा २५.४ मिलिमीटरची, म्हणजे एक इंचाची. फ्रेंच सायकलीची २६ मिलिमीटरची. एवढ्याशा फरकानेही काम बिघडते. रॅलेच्या जुन्या सायकलींत तर पायडलांच्या नळीचे आटेसुद्धा इंचाला २६, तर इतर इंग्रजी सायकलींत २४. म्हणून आटे साफ करण्याचा टॅप लावण्यापूर्वी ते मोजलेच पाहिजेत.

आता जेथे सल्ला शहाणपणाचा ठरतो त्या जागेकडे येतो. सायकल समोरून आदळली की चिमटा मागे सरकतो, आणि हँडलाच्या नळीच्या लगेच मागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाशी रंगाला सुरकुत्या पडतात. कधी आडव्या दांडीखालीही त्या दिसतात. हँडलाच्या नळीत घट्ट बसणारा भरीव दांडा घालून तिला पुढे ओढता येते. परंतु सुरकुतलेली नळी पुन्हा ताणली जाताना चिरण्याचा संभव फार. रेनॉल्ड्झ कंपनीच्या १९३५ पासूनच्या ५३१ पोलादाच्या नळ्या जशा उत्तम, तशा मधल्या भागी फार पातळ. तेथे तर अधिकच जपावे. यासाठी रंग खरवडून तेथे रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसावे आणि खडूची पूड भुरभुरावी. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटविते. रेघ दिसली तर ती नळी बदलल्याखेरीज त्या सायकलीवर कोणी बसू नये. दांडीवर नातवाला बसवून फिरविण्याचा बेत असेल तर मुळीच नाही.

चिमट्याबाबत मी याहून कडक आहे. मागे वळलेला चिमटा सरळ करणारी यंत्रे आहेत, आणि जुने कारागीर ती सफाईने चालवीत. पण फ्रेमीची चीर पुष्कळदा कुरकुरून सूचना देते, चिमटा उतारावर एकाएकी तुटतो आणि स्वार तोंडावर पडतो. चिमट्याच्या माथ्याशी जरासाही संशय आला तर मापाचा दुसरा चिमटा शोधावा. जुना माळ्यावरच ठेवा. रंगाचा नमुना म्हणून तो रंगाऱ्याला दाखविता येईल.