बीगलचं नाक

बीगल हा मूळचा इंग्लंडमधला, सशाच्या मागावर टोळीनं धावणारा कुत्रा. उंची जेमतेम 33 ते 40 सेंटिमीटर, म्हणून फ्लॅटमध्ये सोयीचा, असं समजून लोक तो आणतात. पण सोय उंचीवर नाही, नाकावर ठरते. अमेरिकेनं 1984 साली विमानतळावर सामानात दडवलेली फळं, मांस हुडकायला हीच जात निवडली.

असं नाक दिवसभर बंद दाराआड कोंडलं, की बीगल लांब सूर काढून रडतो, सोफा फाडतो. शेजारी कुरकुरतात आणि कुत्राच वाईट ठरतो! त्याला रोज तासभर फिरवा, पण फरफटत नेऊ नका. खांबापाशी थांबला तर थांबू द्या. आपण नाही का दुकानांच्या पाट्या वाचत रेंगाळत? पट्टा मात्र हातातून सोडू नका. वास लागला की तुमची हाक त्याला ऐकू येत नाही.

शिवाय तो खादाड. त्याचे डोळे पाहून बिस्किटं दिलीत, तर वजन वाढून पाठ, सांधे धरतात. जेवण मापून द्या. चॉकलेट, द्राक्षं अजिबात नकोत. लोंबत्या कानांत पावसाळ्यात ओल राहते. दर आठवड्याला ते उघडून पाहा. दुर्गंधी आली तर काडी न घालता डॉक्टरांकडे न्या.