काका म्हणाले, पावर वाढवा!

दिवाळीत धामणगाव बढेला गेलो होतो. काकांकडे फायबरचं नेट आलंय, पण त्या संध्याकाळी डब्यावर लाल लाइट, आणि चुलत बहिणीच्या परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. काका म्हणाले, "तू इंजिनिअर हायेस ना? त्याईले सांग, लाइटीचा पावर वाढवा म्हना!"

फॉर्म मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरला. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. उजेड वाढवून सिग्नल सुधारतो का? थोडासा. मग बिघडतो.

शेगावच्या पालखीतल्या मागेपुढे चालणाऱ्या दोन दिंड्या डोळ्यांसमोर आणा. निघताना मध्ये नीट अंतर. हळूहळू भरभर चालणारे पुढे जातात, रमणारे मागे राहतात, आणि कोण कुठल्या दिंडीतलं ते कळेनासं होतं. काचेत हेच होतं. प्रकाशाच्या एका झोतात थोडे वेगवेगळे रंग असतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी. हे डिस्पर्शन.

साधी पद्धत म्हणजे उजेड असला तर 1, नसला तर 0. सेकंदाला 10 गिगाबिट पाठवले, तर एका बिटला मिळतात 100 पिकोसेकंद. नेहमीच्या फायबरमध्ये साधारण 60 ते 80 किलोमीटरवर बिट एकमेकांत मिसळायला लागतात. वेग चौपट केला की हे अंतर सोळा पटीनं घटतं! म्हणजे चार-पाच किलोमीटर. आणि आपलं मलकापूर स्टेशन मुंबईपासून जवळपास 500.

मग तोडगा? उजेड चालू-बंद करण्याऐवजी लाटेची फेज बदलायची. क्यूपीएसकेमध्ये चार फेज, म्हणजे एका ठोक्यात 2 बिट. दोन पोलरायझेशन वापरली की 4. त्यामुळे 100 गिगाबिटलाही सेकंदाला साधारण 30 अब्ज ठोके पुरतात. पसरलेल्या दिंड्या पुन्हा लावायचं काम पलीकडची चिप गणितानं करते. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे फार आवडतं!

16-क्यूएएममध्ये एका ठोक्यात आणखी जास्त बिट बसतात, पण खुणा इतक्या जवळ की थोड्या नॉइजनं घोळ. तिथं पावर वाढवावी, तर जास्त उजेडानं काचेचा अपवर्तनांकच बदलतो आणि फेज सरकते. काकांचा उपाय तिथंच फसतो.

ही सगळी कसरत लांबच्या लाइनवरची. गावातल्या घरापर्यंत अजून बहुधा साधं चालू-बंदच चालतं, अंतर 20 किलोमीटरच्या आत. काकांच्या घरी वेगळंच निघालं. दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलं होतं आणि केबल त्याच्यामागे काटकोनात दुमडली होती. एवढ्या वळणावर उजेड बाहेर निसटतो. कपाट पुढे ओढलं, लाल लाइट गेला.

काका म्हणाले, "मंग पावर वाढवला का त्याईनं?"