खजिना आणि त्याचा धनी



१९६० नंतरच्या दशकांत इटलीच्या निर्मात्यांनीं अमेरिकन घोडेस्वारांचे व पिस्तुलबाजांचे चित्रपट शेंकड्यांनीं काढले. १९६७ सालीं एन्झो कास्तेल्लारी यांनीं काढलेला ‘एनी गन कॅन प्ले’ हा त्यांतलाच एक. आगगाडींतून लुटलेलें सोनें कोठें तरी दडलेलें असतें. एक दरोडेखोर, एक इनामासाठीं गुन्हेगार पकडणारा आणि एक पेढीचा माणूस असे तिघे त्याच्या मागें लागतात व एकमेकांस चकवितात. चित्रपट बेताचाच, तरी दोन घटका मजेंत जातात. कारण तें सोनें ज्यांचें गेलें, त्यांचें दुःख पडद्यावर येत नाहीं. धनी समोर आला कीं अशा कथेची गंमत सरते.

नागपुरांत मात्र खजिन्याची कथा धन्याच्या डोळ्यांदेखत घडली. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोंसले निपुत्रिक वारले. गव्हर्नर-जनरल डलहौसी यांनीं दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्यें राज्य खालसा केलें. पाठोपाठ राजवाड्यांतील चीजवस्तूंवर कंपनी सरकारचा हात पडला. ही संपत्ति घराण्याची खाजगी कीं राज्याची, हा खरा वाद होता. सरकारनें निकाल आपल्या बाजूनें दिला. विक्रीच्या पैशांतून कुटुंबाच्या निर्वाहासाठीं ‘भोंसला फंड’ मात्र उभारला.

दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई यांनीं निकरानें विरोध केला. सामान हलविल्यास वाड्याला आग लावीन, असें त्यांनीं बजावल्याचें इतिहासकार के यांनीं नमूद केलें आहे. तरी सामान हललें. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस विकले गेले. जडजवाहीर १८५५ मध्यें कलकत्त्यास हॅमिल्टन कंपनीच्या लिलावांत निघालें. पडद्यावरच्या तिघांना पिस्तुलें लागलीं; येथें एक यादी आणि एक हातोडा पुरला.

तो राजवाडा १८६४ मध्यें जळाला. ‘महाल’ हें वस्तीचें नांव राहिलें. २०२५ मध्यें पहिल्या रघूजींची तरवार लंडनच्या लिलावांत निघाली, तेव्हां महाराष्ट्र शासनानें ती सुमारें ४७ लक्ष रुपये मोजून परत आणली. आपल्याच पूर्वजांची वस्तु परक्या बाजारांत बोली लावून सोडवावी लागली.

म्हणून खजिन्याची कथा पाहतांना तो कोणाच्या हातीं लागला, एवढेंच विचारून भागत नाहीं. तो कोणाच्या हातून गेला, हेंहि विचारावें.