भाव वाढवणं आणि अडवून घेणं



माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. भाषणाची सवय नाही. पण बाजाराची पिशवी २२ वर्षं माझ्याच हातात आहे, तेव्हा चार शब्द सांगते.

मागच्या गणपतीत ३० चा नारळ ४५ ला झाला. १९७२ च्या लाटणं मोर्चाच्या, मृणालताई गोऱ्यांच्या गोष्टी सासूबाईंकडून ऐकलेल्या, त्यामुळे भांडायला मी मागे नाही! भर दुकानात वाण्याला म्हटलं, "सणाचं निमित्त करून लुबाडता." तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, दुसरीकडे स्वस्त मिळाला तर जरूर घ्या." तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे तोच भाव. मुकाट्यानं परत आले.

ते नारळ होते मोदकांच्या ऑर्डरींसाठी. अन् २५ चा मोदक मी त्या आठवड्यात ३० ला दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, तूही सणात वाढवलेस?" माझ्या तोंडून उत्तरच फुटेना.

मग लुबाडणं कशाला म्हणायचं? २०२० च्या एप्रिलात सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. तीन पदरी मास्कला सरकारनं १० रुपयांची मर्यादा घातली होती. एका दुकानदारानं आधी "माल संपला" म्हटलं, माझा चेहरा पाहिला, आणि आतून खोकं काढून ४० मागितले. बाकी दुकानं बंद. दिले. वाण्यानं मला दुसरीकडे जा म्हटलं होतं. यानं मला जायला जागा नाही हे पाहून भाव सांगितला. तो चेहरा मी विसरले नाही.

पाकिटावरची कमाल किंमत सगळ्या करांसकट असते. "गार करण्याचे" म्हणून दुधाच्या पिशवीवर वर रुपया-दोन रुपये घेतात, ते कायद्यात बसत नाही, आणि आपण मात्र वाद नको म्हणून देतो. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, लिहून घ्या. सुट्या नारळावर, भाजीवर किंमत छापलेली नसते. तिथे चार ठिकाणी विचारायचं.

काकू समोरच बसल्या आहेत. काकू, एका नारळात माझे १० मोदक होतात. तेव्हा वाढलेल्या ५ रुपयांतला दीड रुपया नारळाचा, साडेतीन पहाटे ३ ला उठून उकड मळण्याचे. पलीकडच्या आळीत अजून २५ ला मिळतात. मी यंदाही ३० च घेणार आहे.