कोपऱ्यावरची भिंत

घर बांधताना माणूस खोल्यांचा, फरशीचा, देव्हाऱ्याच्या दिशेचा शंभरदा विचार करतो. कुंपणाच्या भिंतीचं मात्र गवंड्यावर सोडून देतो. "किती उंच घेऊ?" असं त्यानं विचारलं की आपण हातानंच दाखवतो, "घे एवढी!" मीही तेच केलं.

साताऱ्यात माझं घर दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. 2021च्या उन्हाळ्यात गल्लीत चोरी झाली. गेली ती पाण्याची मोटर, पण घरात भीती शिरली. जुनं मेंदीचं कुंपण काढून मी विटांची भिंत घातली, वर बाटल्यांच्या काचा रोवल्या. रात्रीची झोप लागू लागली.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी स्कूटरवरून घरी येत होतो. वेग बेताचाच. कोपऱ्यावर वळलो आणि समोर सायकल! शेजारच्या आबांची नात, आठ-नऊ वर्षांची. ब्रेक दाबला, पण धक्का चुकला नाही. पोरीचं मनगट मोडलं.

मी माफी मागायला गेलो. आबांनी बसवून चहा दिला. म्हणाले, "तुम्ही हळूच येत होता. मी गच्चीतून बघत होतो ना. पण भाऊ, तुम्हाला ती दिसणार कुठून?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी एका इंजिनिअर मित्राला बोलावलं. त्यानं टेप थेट रस्त्याच्या मध्यावर धरला. मला गंमत वाटली. पण नियमात उंची मोजायची ती समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासूनच. बागेसाठी मी आत दीड फूट मुरूम-माती भरली होती. त्यामुळे आतून भिंत साडेचार फूट, रस्त्यावरून मात्र सहा! मी रोज आतूनच पाहत होतो, म्हणून ती मला कधी उंच वाटलीच नाही.

मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यात डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्यात समोरच्या भिंतीला साधारणपणे दीड मीटर, म्हणजे पाच फुटांची मर्यादा आहे. 2.4 मीटरपर्यंतही जाता येतं, पण वरचे 90 सेंटिमीटर आरपार दिसेल असं, जाळीचं किंवा गजांचं हवं. आणि कोपऱ्याच्या प्लॉटला वेगळी अट. रस्ते मिळतात तिथून दोन्ही अंगांना 10 मीटरपर्यंत भिंत फक्त 75 सेंटिमीटर. अडीच फूट! वर हवं तर तेवढंच रेलिंग.

हा अडीच फुटांचा आकडा पूर्वी कुणी वाचून दाखवला असता, तर सरकारी खाक्या म्हणून मी हसलो असतो. आता मी सायकलवर बसलेल्या पोरीचं डोकं जमिनीपासून किती वर येतं, ते मोजून पाहिलं. अडीच फुटांच्या कितीतरी वर.

सौभाग्यवतींना चोरांची काळजी होती. मित्र म्हणाला, "वहिनी, सहा फुटी भिंत चढून चोर एकदा आत उतरला, की ती भिंत त्यालाच आडोसा देते. रेलिंग असेल तर समोरच्या घरातून दिसेल तरी." तिला ते पूर्ण पटलं नाही. मलाही नाही, खरं सांगायचं तर. पण दोन दिवसांत गवंड्यानं कोपरा उतरवला. काचा मी स्वतः पोत्यात भरल्या.

रेलिंग उघडंबोडकं दिसतं म्हणून हौसेनं बोगनवेल लावली. दोन पावसाळ्यांत ती इतकी माजली, की रेलिंग असून नसल्यासारखं! रस्ता पुन्हा दिसेना. नियमात वेलीचा मला कुठं उल्लेख सापडला नाही. तरी आता दर रविवारी सकाळी कात्री घेऊन कोपऱ्यावर उभा असतो. आबांची नात हायस्कुलात गेली. वळणावर ती अजून घंटी वाजवते, मी दिसत असलो तरी.