खेळाडू विद्यार्थी आणि त्याचे उद्याचे जीवन

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभाला मला बोलाविल्याबद्दल मी संस्थेचा मनापासून आभारी आहे. माझी ३४ वर्षे शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजविण्यात गेली. भाषणाची मला सवय नाही, तेव्हा जे सांगावयाचे ते सरळच सांगतो.

समोरच्या टेबलावर मांडलेले कप आणि ढाली तुम्ही पाहत आहात. थोड्याच वेळात त्या मुलामुलींच्या हाती जातील, टाळ्या होतील, फोटो निघतील. पालकांना मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. हा कप घरच्या कपाटावर ठेवल्याला दहा वर्षे होतील, तेव्हा तो जिंकणारे मूल कोठे असेल? याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला आहे?

१९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा या भागात भातखाचरे होती, मिठागरे होती आणि खाडी होती. त्याच जागी उभ्या राहिलेल्या या शहरात, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, २०१७ साली सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या रात्रीनंतर कितीतरी पालक मला भेटले आणि म्हणाले, "सर, मुलीला खेळात घालायची आहे, कोठे घालू?" मला फार आनंद झाला. परंतु "खेळाबरोबर तिच्या शिक्षणाचे कसे करू?" असे विचारणारा त्यांत एकच निघाला. त्या एका पालकाविषयी मी शेवटी सांगेन.

आधी माझीच एक चूक सांगतो. १९९३-९४ सालची गोष्ट. माझ्या शाळेत दहावीच्या वर्गात कबड्डीचा एक उत्तम चढाईपटू होता. त्याचे वडील कारखान्यात पाळीवर कामाला जात. जानेवारीत एक मोठी स्पर्धा आली. वडील मला भेटावयास आले आणि म्हणाले, "सर, पोराचे गणित कच्चे आहे. दोन महिने त्याला सोडा." मी त्यांना म्हणालो, "चाचा, गणित काय, ऑक्टोबरला सुटेल. असा खेळाडू पुन्हा मिळावयाचा नाही." त्यांनी माझ्या शब्दाला मान दिला. आम्ही ढाल जिंकली. मार्चमध्ये मुलगा गणितात नापास झाला. ऑक्टोबरची परीक्षा सरावात निघून गेली. पुढल्या वर्षी त्याचा गुडघा गेला.

काही काळाने एका मोठ्या आस्थापनेत खेळाडूंची भरती निघाली. किमान अट दहावी पासची होती, त्यामुळे त्याचा अर्ज घेतला गेला नाही. आणि समजा तो दहावी पास असता, तरी त्या ढालीचे प्रमाणपत्र उपयोगी पडले नसते, कारण ती स्पर्धा एका स्थानिक मंडळाची होती, मान्यताप्राप्त संघटनेची नव्हती. हे मला, त्याच्या क्रीडाशिक्षकाला, तेव्हा ठाऊक नव्हते. शाळेला ढाल मिळाली, मला शाबासकी मिळाली. मुलाला काय मिळाले, याचे उत्तर मी आजही शोधतो आहे.

पालकहो, आपल्या घरांत दोन प्रकारची चूक होते. एका घरी मुलाला नववीपर्यंत खेळू देतात आणि दहावीला चेंडू माळ्यावर टाकतात. दुसऱ्या घरी म्हणतात, पोरगा खेळात नाव काढील, त्याला शिकून काय करावयाचे आहे? पहिल्या घरी मुलाने पाच वर्षांत कमाविलेले एका वर्षात जाते. दुसऱ्या घरी सगळी शिल्लक एका गुडघ्यावर ठेवली जाते.

दुसऱ्या प्रकारचे पालक मला मोठी नावे ऐकवितात. अंजुमन-इ-इस्लामच्या शाळेतून पुढे आलेला वसीम जाफर बेस्टच्या बस ड्रायव्हरचा मुलगा. त्याने पंधराव्या वर्षी गाइल्स शील्डमध्ये नाबाद ४०० धावा काढल्या आणि पुढे तो भारताकडून ३१ कसोटी सामने खेळला. श्रीरामपूरचा झहीर खान अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून मुंबईला आला आणि त्याने ३११ कसोटी बळी घेतले. खरे आहे, आपल्याला त्यांचा अभिमान आहे. पण झहीर अभियांत्रिकीपर्यंत पोहोचला होता, म्हणजे बारावीची पायरी त्याने चढली होती, हे लक्षात ठेवा. आणि आपल्या कोकणातलेच आणखी एक नाव सांगतो. चिपळूणजवळच्या कालुस्ते गावचे गुलाम पारकर १९८२ साली लॉर्ड्सवर भारतातर्फे कसोटी खेळले. खेडेगावातून लॉर्ड्सपर्यंत जाणे ही केवढी मोठी गोष्ट! पण तीच त्यांची एकमेव कसोटी ठरली. शिखरावर पोहोचलेल्यालाही तेथे किती दिवस राहता येईल हे त्याच्या हाती नसते. मग जिल्ह्यापर्यंत गेलेल्या आपल्या मुलाने पुढच्या चाळीस वर्षांची सोय करून ठेवावयास नको काय?

ही सोय होऊ शकते, आणि तिच्यात खेळाचाच उपयोग होतो. रेल्वे खेळाडूंची स्वतंत्र भरती करते. वयाची मर्यादा साधारणतः १८ ते २५ वर्षे. तीत सर्वांत खालच्या श्रेणीला दहावी, तिच्या वरच्या श्रेणीला बारावी आणि त्याहून वरच्या श्रेणीला पदवी लागते. वरच्या श्रेणीला खेळातली कामगिरीही तशीच मोठी लागते. म्हणजे पदक मोठे आणि शिक्षण थोडके असेल, तर नोकरी खालची मिळेल. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण पदासाठी जे शिक्षण ठरले आहे ते खेळाडूलाही लागते आणि स्पर्धा परीक्षा त्यालाही द्यावी लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०१५ साली मध्य रेल्वेत लागला. नोकरी सांभाळून त्याने नेमबाजीचा सराव चालू ठेवला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. मधली नऊ वर्षे त्याच्या घरात पगार येत होता. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला. शर्यतींकडे तो वळला ते सैन्यात गेल्यावरच, आणि २०२३ साली आशियाई क्रीडा स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने आणले. सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाली. खेड्यापाड्यांतल्या या मुलामुलींना जे साधले ते नवी मुंबईच्या मुलांना का साधू नये?

आता कागदांविषयी बोलतो. हा विषय रुक्ष आहे, पण माझ्या अनुभवात मुले मैदानावर कमी आणि कागदांत जास्त हरतात.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. त्यांची चढण तालुका किंवा महानगरपालिका, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशी आहे. वाशी, नेरुळ, बेलापूरच्या शाळा ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेलच्या रायगड जिल्ह्यात. आपल्या मुलाची शाळा कोणत्या जिल्हा क्रीडा कार्यालयाखाली आहे हे पालकांनी माहीत करून घ्यावे. कोणत्याही स्पर्धेला पाठविण्यापूर्वी विचारावे की ही स्पर्धा कोण घेत आहे आणि हिचे प्रमाणपत्र पुढे ग्राह्य धरले जाते काय? गल्लीतल्या रात्रीच्या स्पर्धा खेळू नयेत असे मी म्हणत नाही. पण त्यांच्यासाठी परीक्षा बुडवू नये. शासकीय नोकरीच्या वेळी क्रीडा प्रमाणपत्राची रीतसर पडताळणी होते, आणि खोट्या कागदावर मिळविलेली नोकरी पुढे जाऊ शकते. तो मोह चुकूनही धरू नका.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या समाजात हा घोळ फार आहे. जन्मदाखल्यावर 'मोहम्मद', शाळेच्या रजिस्टरात 'मोहंमद', आधार कार्डावर नुसते 'एमडी'. कोठे 'शेख' आधी, कोठे नंतर. कोठे आजोबांचे नाव आडनावाच्या जागी बसलेले. प्रत्येक कागद खरा असतो, पण ही चार माणसे आहेत की एक, हे पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाला कळत नाही. मूल आठवीत जाताच सगळे कागद एकत्र मांडा आणि नाव, जन्मतारीख, स्पेलिंग एकसारखे करून घ्या. दहावीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर ही दुरुस्ती फार कटकटीची होते. एक जाड फाइल घ्या. तीत प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत, झेरॉक्स, स्पर्धेचे वर्ष आणि संघाची यादी ठेवा. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, परंतु त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. तो गेला की नाही हे पालकांनी स्वतः विचारावे. मुख्याध्यापक रागावणार नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या दिवसाचे गणित फार अवघड नाही. सकाळी फजरनंतर दीड तास मैदान, मग शाळा, मगरीबनंतर दोन तास अभ्यास. मोबाइलला त्यात जागा उरत नाही, हे मला माहीत आहे. आठवी-नववीत पाया घाला, म्हणजे दहावीला खेळ बंद करावा लागत नाही, फक्त थोडा कमी करावा लागतो. अकरावीला शाखा निवडताना मित्र कोठे जातो ते पाहू नका. पुढे फिजिओथेरपिस्ट व्हावयाचे असेल तर विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागेल. क्रीडाशिक्षक व्हावयाचे असेल तर पदवीनंतर बी. पी. एड. आहे. प्रशिक्षक व्हावयाचे असेल तर १९६१ साली सुरू झालेली पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. पंच, क्रीडा पत्रकार, व्यायामशाळेचा प्रशिक्षक, मैदानाची खेळपट्टी राखणारा, ही सगळी खेळातलीच कामे आहेत, आणि त्यांना गुडघा मोडला तरी निवृत्त व्हावे लागत नाही. ज्याचा खेळ खरोखर वरच्या दर्जाचा आहे त्याच्यासाठी केंद्र शासनाची खेलो इंडिया योजना आहे. तीत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद ठेवण्यात आली आणि त्यातून दरमहा १० हजार रुपये हातखर्चाला.

मुलींच्या पालकांना दोन शब्द. तुमच्या मनात पोशाखाची, प्रवासाची, लोक काय म्हणतील याची काळजी असते. ती मी हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेतल्या इब्तिहाज मुहम्मद या मुलीच्या आईवडिलांनाही हीच काळजी होती. त्यांनी तिला घरी बसविले नाही. तलवारबाजीत अंगभर पोशाख असतो म्हणून तो खेळ तिच्यासाठी निवडला. तिने ड्यूक विद्यापीठाची पदवी घेतली आणि २०१६ साली रिओला सांघिक कांस्यपदक मिळविले. हिजाब घालून अमेरिकेतर्फे ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली खेळाडू. त्या देशात महाविद्यालयाच्या पहिल्या श्रेणीच्या संघात खेळावयाचे तर हायस्कुलात १६ मूलभूत अभ्यासक्रम ठराविक सरासरीने पुरे करावे लागतात. खेळाडू कितीही मोठा असो, ही अट सुटत नाही. आपल्याकडे ही अट कोणी घालीत नसेल तर आपण घरी घालून घेऊ.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. आपल्याला घर गहाण टाकावयाचे नाही. स्पर्धेला गेलेल्या मुलांचे बुडलेले तास भरून काढण्यासाठी रविवारी दोन तास एक शिक्षक बसला, आणि कार्यालयात खेळाडूंच्या कागदांचे एक कपाट राहिले, एवढे पुष्कळ झाले. निवृत्तीनंतर मला वेळ आहे. त्या कपाटाची किल्ली सांभाळण्याचे काम मी विनामूल्य करीन.

आता तो प्रश्न विचारणारा पालक. तो माझा १९९३ सालचा चढाईपटू होता. आज तो टेम्पो चालवितो. त्याची मुलगी याच शाळेत नववीत आहे, आठशे मीटर धावते आणि आज तिला पहिले बक्षीस मिळावयाचे आहे. तो मला म्हणाला, "सर, हिला पळू द्या. पण गणिताचा तास चुकवू देऊ नका." ३२ वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी मला जे सांगितले तेच. त्या वेळी मी ऐकले नाही. या वेळी ऐकले आहे. दर रविवारी तिला मी स्वतः गणित शिकवितो. माझेही थोडे कच्चेच आहे, दोघे मिळून सोडवितो.

पालकहो, तुमच्याही घरी अशी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याच्या बुटांबरोबर त्याची वहीही पाहत जा. सर्व बक्षीसपात्र विद्यार्थ्यांचे अभिनंदन करतो, त्यांना उदंड यश लाभो अशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद.